न चाखलेल्या चवीचा इन्साफ

ज्या वस्तूला आपण आयुष्यात कधी हात लावणार नाही, तिच्याबाबत आपले काही कर्तव्य उरते का? प्रश्न वरवर पाहता फिजूल वाटेल. एखादी गोष्ट हराम आहे म्हटले की आपल्याकडे विषय संपतो. मला वाटते, तिथे संपतो तो खाण्यापिण्याचा विषय. जाणण्याचा, बोलण्याचा आणि न्यायाने तोलण्याचा विषय मात्र शिल्लक राहतो. त्या शिल्लक राहिलेल्या विषयाविषयी हा लेख आहे.

उदाहरण सोपे घेतले की विचारही सोपा होतो आणि आपण आपल्यावरच खूश होतो. म्हणून उदाहरण अवघड घेते. पीटच्या धुरात वाळवलेल्या जवापासून गाळलेली आणि शेरी नावाच्या वाइनच्या पिंपात मुरवलेली स्कॉटलंडची सिंगल माल्ट व्हिस्की. दारू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गुत्ता येतो, गटारीकाठी पडलेला माणूस येतो, घरातली आदळआपट येते. ते चित्र खोटे नाही. पण या वस्तूसमोर ते पुरत नाही. ही वस्तू ज्यांनी घडवली त्यांची मेहनत, सबुरी आणि नजर इतकी आहे की नुसते 'छी' म्हणून पुढे जाणे कठीण पडते. म्हणूनच ती आपल्या विचाराच्या कसोटीला योग्य आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. या व्हिस्कीविषयी मला जे ठाऊक आहे ते थोडे पुस्तकांतून आणि थोडे माझ्या एका माजी विद्यार्थ्याकडून. हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करून तो एका मोठ्या शहरातल्या हॉटेलात लागला. स्वयंपाकघरात जागा नव्हती, बाहेर पाहुण्यांच्या सरबराईत मिळाली, आणि त्या कामात बाटल्यांची माहिती सांगणेही आले. सुट्टीत भेटायला आला तेव्हा म्हणाला, "मिस, साठ-सत्तर बाटल्या तोंडपाठ आहेत. कुठली कुठे बनते, धूर किती, पिंप कोणते, वास कसला. थेंबसुद्धा चाखलेला नाही." मला रियाज खैराबादी आठवले. उर्दू शायरीत मद्यावर त्यांच्याइतके कोणी लिहिले नसेल. आणि त्यांनी आयुष्यभर मद्याला ओठ लावला नाही, असे सगळे सांगतात. न चाखता जाणणे आपल्या परंपरेला अपरिचित नाही.

तर ती वस्तू कशी बनते ते आधी पाहू. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचे बेट आहे. वस्ती जेमतेम तीन हजारांची, झाडे थोडी, वारा आणि पाऊस भरपूर. जमिनीत पाणी साचून राहते. त्यात शेवाळ आणि रानगवत मरते, पण हवा न मिळाल्यामुळे पुरते कुजत नाही. वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीने त्याचा काळपट थर चढत जातो. मीटरभर थराला हजार वर्षे लागतात. हाच पीट. लाकूड नसलेल्या बेटावर लोक त्याच्या विटा कापून, वाळवून, चुलीत जाळत आले. जव भिजवून त्याला मोड आणायचे आणि मग ते वाळवायचे, तर सरपण तेच. म्हणून धुराचा वास धान्यात उतरला. जी गोष्ट गरजेपोटी सुरू झाली ती पुढे ओळख बनली.

हा धूर म्हणजे काय, हे विज्ञानाच्या शिक्षिकेला सांगितलेच पाहिजे. पीट जळताना फिनॉल वर्गातली संयुगे निघतात आणि ओलसर जवाच्या टरफलाला चिकटतात. त्यांचे प्रमाण दहा लाखांत किती भाग, असे मोजतात. किलहोमन नावाची एक भट्टी या बेटावर २००५ साली एका शेतावर सुरू झाली. तिची 'लॉख गोर्म' नावाची व्हिस्की साधारण पन्नास भाग धुराच्या माल्टची असते आणि शेरीच्या पिंपात मुरते. शेजारच्या एका तळ्यावरून हे नाव आले. जाणकार सांगतात की तिला शेकोटीचा, समुद्राचा आणि दवाखान्याचा वास येतो. दवाखान्याचा यासाठी की पूर्वी जंतुनाशक म्हणून वापरले जाणारे कार्बोलिक हे फिनॉलच. आपल्याला हे अगदीच परके वाटू नये. खिम्यात वाटी ठेवून, तीत जळता निखारा टाकून, वर तूप सोडून झाकण लावतो, त्या धुंगाराने काय होते ते आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. धूर हा मसाला आहे, हा शोध आयलावाल्यांचा एकट्यांचा नाही.

पुढे हे माल्ट भरडून गरम पाण्यात त्याची साखर उतरवतात, खमीर घालून आंबवतात आणि तांब्याच्या भांड्यांत दोनदा कशीद करतात. भट्टीवरचा कारागीर धारेचा पहिला भाग बाजूला काढतो, शेवटचा भागही काढतो आणि मधला तेवढा ठेवतो. तो निघतो पाण्यासारखा पांढरा. त्याला रंग, आणि चवीचा मोठा भाग, लाकडातून मिळतो. कायद्याने तो ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान तीन वर्षे राहिला पाहिजे. बहुतेक चांगली माल्ट त्याहून किती तरी जास्त वर्षे राहते. दर वर्षी पिंपातले सुमारे दोन टक्के हवेत उडून जाते. त्याला तिकडे 'फरिश्त्यांचा हिस्सा' म्हणतात. आमच्या मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांना हे सांगितले तर ते म्हणाले, "ते फरिश्ते नक्कीच नसणार!" आम्ही दोघेही हसलो. पण विचार करा, आज भरलेले पिंप उघडायला आपण असू की नसू याची खात्री नसताना माणूस ते भरून ठेवतो. या सबुरीला नाव काय द्यायचे?

आणि आता शेरी. ही वाइन दक्षिण स्पेनमधल्या हेरेस शहराच्या परिसरात होते. हे शहर ७११ पासून १२६४ पर्यंत, म्हणजे साडेपाच शतके, अंदलुसच्या मुसलमानांच्या अमलाखाली होते आणि त्याचे अरबी नाव होते 'शरीश'. शेरी हा शब्द त्या नावावरूनच आला. तिथल्या किल्ल्यात त्या काळची मशीद आजही उभी आहे. दर्से-निजामी शिकलेल्या आपल्या आलिमांना 'मकामाते-हरीरी' हा ग्रंथ ठाऊक असतो. त्याची सुप्रसिद्ध शरह लिहिणारे अबुल अब्बास अश्शरीशी हे याच शहराचे. एकच शहर, एकच नाव. एकीकडे अरबी साहित्याचा एक मोठा भाष्यकार, दुसरीकडे जगभर विकली जाणारी वाइन. तिथे अशी कहाणी सांगतात की इ. स. ९६६ मध्ये खलिफा अल-हकम दुसरा याने द्राक्षवेली उपटून टाकण्याचा हुकूम दिला. तेव्हा शरीशच्या लोकांनी अर्ज केला की आमच्या द्राक्षांचे मनुके होतात आणि ते फौजेला पुरतात. मग तिसरा हिस्सा तेवढा उपटला गेला. कहाणी किती खरी ते इतिहासकार पाहोत. तिच्यातली गुंतागुंत मात्र खरी आहे. त्याच द्राक्षाचा मनुकाही होतो आणि मद्यही होते. सूरह नहलच्या ६७ व्या आयतीत खजूर आणि द्राक्षांपासून माणूस नशेची वस्तूही काढतो आणि चांगली रोजीही मिळवतो, याकडे लक्ष वेधलेले आहेच.

गाळण्याच्या विद्येचेही तसेच. कशीद करण्याच्या भांड्याला युरोपात जे नाव पडले ते अरबी 'अल-अंबीक'वरून. 'अल्कोहोल' हा शब्द 'अल-कुहल'वरून, म्हणजे डोळ्यांतल्या सुरम्यावरून आला. बारीक भुकटीचा अर्थ सरकत सरकत वस्तूचा अर्क असा झाला आणि शेवटी दारूच्या अर्काला ते नाव चिकटले. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने अत्तरे आणि ऊर्ध्वपातन यांवर पुस्तक लिहिले. गुलाबपाण्याची वाट आणि व्हिस्कीची वाट एकाच भांड्यातून निघते. स्कॉटलंडमध्ये १४९४ सालच्या सरकारी हिशेबात एका पाद्र्याला अशा अर्कासाठी माल्ट दिल्याची नोंद आहे, आणि तिथल्या गेलिक भाषेत त्याचे नाव पडले 'उश्के बाहा', म्हणजे जीवनाचे पाणी. त्याचाच अपभ्रंश व्हिस्की. उर्दूत सांगायचे तर आब-ए-हयात. आपल्या शायरांनी जो शब्द खिज्रच्या झऱ्यासाठी राखून ठेवला, तोच शब्द एका थंड बेटावरच्या शेतकऱ्यांनी आपल्या भट्टीतल्या धारेला दिला.

हे सगळे वाचताना माझ्या मनात आदर निर्माण झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. आता खरा प्रश्न असा की हा आदर गुनाह आहे का?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. आपल्या फिकहमध्ये एक तत्त्व आहे : जी वाट गुनाहकडे जाते ती वाटच बंद करावी. कौतुक ही इच्छेची पहिली पायरी आहे. आज वास कसला ते जाणले, उद्या चव कशी ते पाहावेसे वाटेल. शिवाय सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत नुसते 'पिऊ नका' असे नाही, तर दूर राहण्याचा हुकूम आहे. मग एवढी जवळीक कशाला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्याला ती ओढ लागलेली आहे, त्याने हा लेखही वाचू नये, असेच मी म्हणेन.

पण या आक्षेपात दोन गोष्टींची सरमिसळ झालेली आहे आणि ती कोणती, हे मला माझ्या वर्गाने शिकवले. दहावीला कार्बनी संयुगे शिकवताना इथेनॉल येते. उर्दूत व्याख्येला 'तारीफ' म्हणतात. मी फळ्यावर लिहिले, 'अल्कोहोल की तारीफ लिखिए'. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "मिस, हराम चीज की तारीफ कैसे लिखें?" वर्ग हसला. मीही हसले. पण घरी जाताना तो प्रश्न माझ्या मागे आला. एकाच शब्दाचे दोन अर्थ. तारीफ म्हणजे स्तुती आणि तारीफ म्हणजे ओळख. शब्दाचे मूळ पाहिले तर ओळखणे हाच अर्थ आधीचा. स्तुती मागाहून आली. आपली अडचण अशी झाली आहे की दुसऱ्या अर्थाच्या भीतीने आपण पहिलाही अर्थ सोडून दिला. ज्याची स्तुती करायची नाही त्याची ओळखही नको, असे आपण ठरवून टाकले.

हदीसमध्ये दारूच्या संदर्भात दहा जणांवर लानत आलेली आहे. रस काढणारा, काढून घेणारा, पिणारा, वाहून नेणारा, ज्याच्याकडे नेली जाते तो, पाजणारा, विकणारा, तिची किंमत खाणारा, विकत घेणारा आणि ज्याच्यासाठी घेतली जाते तो. यादी किती बारकाईने केलेली आहे पाहा. व्यवहाराची एकही कडी सुटलेली नाही. या दहांत जाणणारा नाही. दहाही जण काही तरी करतात. करण्याच्या सगळ्या वाटा बंद झाल्या, जाणण्याची वाट बंद केली गेली नाही. उलट आपल्या फकीहांनी मद्याविषयी जेवढे बारकावे नोंदवले तेवढे पिणाऱ्यांनीही नोंदवले नसतील. कोणते कच्च्या खजुराचे, कोणते मधाचे, किती दिवसांत आंबते, किती आटवले तर काय होते. न जाणता हे कसे लिहिता आले असते?

सिरक्याचेच घ्या. आंबलेले मद्य आपोआप सिरका झाले तर तो हलाल, यावर सगळ्यांचे एकमत आहे. काही घालून मुद्दाम सिरका केला तर? हनफी म्हणतात चालेल, शाफई म्हणतात नाही. आपल्या महाराष्ट्रात कोकणातले मुसलमान बहुतांश शाफई आणि घाटावरचे हनफी, तेव्हा ही चर्चा आपल्या घरातलीच आहे. पैगंबरसाहेबांनी (स.) सिरक्याला उत्तम सालन म्हटले आहे. आणि इथे शेरीच्या पिंपांची एक गंमत येते. पूर्वी शेरी पिंपांतूनच इंग्लंड-स्कॉटलंडला जाई आणि रिकामी पिंपे व्हिस्कीवाले स्वस्तात घेत. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटल्यांत भरण्याचा नियम झाला आणि पिंपे येणे थांबले. आज बहुतेक 'शेरीची पिंपे' खास व्हिस्कीसाठीच बनवतात. त्यांत वर्ष-दोन वर्षे शेरी भरून ठेवायची, लाकडाला ती मुरू द्यायची आणि मग काढून घ्यायची. ती काढलेली शेरी सहसा पिण्यासाठी विकत नाहीत. ती पुन्हा पुन्हा याच कामी वापरतात आणि शेवटी पुष्कळदा तिचा सिरका होतो. म्हणजे लाकडात जे मुरले ते व्हिस्कीत गेले आणि जे बाहेर आले ते सिरक्याच्या बाटलीत. वस्तूंच्या या वाटा माहीत नसलेल्या माणसाने हलाल-हरामावर बोलताना जरा थांबून बोलावे.

इथवर विचार पोथीतला वाटेल. माणसांच्या जगात तो आणला की त्याचे वजन कळते.

त्या माजी विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या पगारातून बहिणीची फी भरली जाते. मोहल्ल्यात काही लोक त्याच्या सलामाला उत्तर देत नाहीत. तो मला म्हणाला, "मिस, तुम्ही सांगा, मी काय करू?" ती दहा जणांची यादी त्यालाही ठाऊक होती. त्याला बरे वाटावे म्हणून मी यादी छोटी करू शकत नव्हते; तो हक्क माझा नाही. मी म्हटले, दुसरे काम शोधत राहा आणि शोधणे थांबवू नकोस. पण त्याच्या सलामाला मी उत्तर देते. ज्यांनी उत्तर देणे बंद केले त्यांच्यापैकी कोणीही त्याला दुसरे काम दाखवलेले नाही. निषेध करणे फुकट असते. वाट दाखवायची तर आधी समोरच्याचे काम काय आहे, त्यात त्याचे कौशल्य कोणते, ते कुठे उपयोगी पडेल, हे जाणावे लागते.

दुसरे उदाहरण अधिक कडू आहे. पालकसभेनंतर एखादी आई मागे रेंगाळते. वहीविषयी बोलते, मुलाच्या मार्कांविषयी बोलते आणि मग हळूच सांगते की घरी 'तब्येत ठीक नसते'. कोणाची, ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. दोघींनाही ठाऊक असते. आपल्या समाजात दारू नाही, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. त्यामुळे ज्या घरात ती आहे त्या घराला आपले दुःख सांगायला भाषाच उरत नाही. हिंदू शेजारीण निदान 'नवरा पितो' असे मोठ्याने म्हणू शकते. आपल्या बाईला तेही म्हणता येत नाही. तसे म्हटले तर नवऱ्याबरोबर तिचा दीनही चव्हाट्यावर येईल अशी तिला भीती वाटते. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करते आहे, डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते उभे केले. तिथे व्यसनाला आजार म्हणून पाहतात. किती आयांपर्यंत आपण हा पत्ता पोचवला? ज्याचे नाव घ्यायचे नाही त्याचा इलाज कसा होणार? दारूविषयीचे आपले अज्ञान आपण तकवा समजतो आणि त्याची किंमत ही बाई मोजते.

इन्साफ दोन्ही बाजूंनी व्हावा लागतो. कारागिरीचा आदर करताना त्या वस्तूने केलेला नाशही त्याच तराजूत टाकला पाहिजे. महाग बाटलीभोवती तळे, बेट, धुके, पिढ्यांची परंपरा असे एक सुंदर वलय उभे केले जाते. ते बहुतांशी खरे आहे, म्हणून तर ते काम करते. पण यकृताला पिंपाची जात कळत नाही. आयलाच्या माल्टमधले इथेनॉल आणि देशी दारूतले इथेनॉल यांचे रेणुसूत्र एकच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१९ या एका वर्षात जगात सुमारे २६ लाख मृत्यू दारूमुळे झाले. मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्या दारूत मिथेनॉल होते. गाळण्याची जी विद्या एका ठिकाणी धारेचा नको तो भाग बाजूला काढते, तिच्याच नावाखाली दुसऱ्या ठिकाणी गरिबाच्या पेल्यात विष ओतले जाते. आणि हजार वर्षांत साठलेला पीट काही तासांत जाळून टाकणे हाही एक हिशेबच आहे. पीटची दलदल पृथ्वीच्या जमिनीच्या तीनेक टक्के असूनही जगातल्या सगळ्या जंगलांपेक्षा जास्त कार्बन धरून ठेवते. व्हिस्कीसाठी त्यातला अगदी थोडा लागतो हे खरे. तरी इसराफ हा शब्द आपल्याकडे आहे आणि तो इथे आठवायला हरकत नाही.

सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत दारू आणि जुगाराविषयी जे सांगितले आहे, त्यातला न्याय मला नेहमी थक्क करतो. त्यांत लोकांसाठी काही फायदे आहेत, हे तिथे मान्य केलेले आहे. आणि गुनाह फायद्याहून मोठा आहे, असा निवाडा दिलेला आहे. फायदे नाकारून निवाडा दिलेला नाही. फायदे मोजून दिलेला आहे. ज्या वस्तूला पुढे कायमची मनाई होणार होती, तिच्याबाबतही तराजूचे एक पारडे रिकामे ठेवले गेले नाही. आणि ज्या सूरह माइदामध्ये ती मनाई आली, त्याच सूरहच्या आठव्या आयतीत एखाद्या समूहाविषयीच्या वैरामुळे अन्याय करू नका, न्यायच करा, असे बजावलेले आहे. दोन्ही हुकूम एकाच सूरहमधले. आपण पहिला पाठ केला आणि दुसरा मागे पडला. शेजारच्या घरात, कचेरीतल्या सहकाऱ्याच्या पार्टीत, दूरच्या एखाद्या बेटावर जो माणूस ही वस्तू बनवतो किंवा पितो, त्याला आपण वाया गेलेला ठरवून मोकळे होतो. तो कष्टाळू असेल, वचनाला पक्का असेल, आपल्या कामात आपल्याहून प्रामाणिक असेल, हे पाहायची तसदी आपण घेत नाही.

मनाईचा हुकूम आला तो दिवस हदीसमध्ये नोंदलेला आहे. हजरत अनस (रजि.) तेव्हा लहान होते आणि अबू तल्हा (रजि.) यांच्या घरी पाहुण्यांना खजुराचे मद्य देत होते. बाहेर पुकारा झाला. अबू तल्हांनी सांगितले, ओतून टाक. मदिनेच्या गल्ल्यांतून त्या दिवशी मद्य वाहत गेले. ज्यांनी ओतले त्यांना आपण काय ओततो आहोत ते ठाऊक होते. चव ठाऊक होती, किंमत ठाऊक होती, मैफल ठाऊक होती. म्हणून त्या ओतण्याला मोल आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी काहीच ओतलेले नाही. आपल्या हातात पेला कधी नव्हताच. न मिळालेल्या वस्तूचा त्याग करून आपण त्याचा अभिमान बाळगतो, आणि हा अभिमानही एक प्रकारची नशाच आहे. आपल्याला अबू तल्हांसारखे चाखून सोडता येणार नाही, येऊही नये. पण जाणून सोडता येईल. आपण कशाला नाही म्हणतो, हे नीट ठाऊक असलेला 'नाही' वेगळा आणि केवळ सवयीचा 'नाही' वेगळा. सवयीचा 'नाही' मुलगा शहरात गेला, मित्र बदलले, की पहिल्याच मैफलीत गळून पडतो. कारण गुत्त्याचेच चित्र त्याला दाखवलेले असते आणि समोर येतो तो सोनेरी पेला. मग त्याला वाटते, घरच्यांनी सांगितले ते सगळेच खोटे.

म्हणून मुलांना दोन्ही सांगावे असे मला वाटते. आयलाचा धूर आणि शरीशचे लाकूडही सांगावे, मालवणीही सांगावी. अल-अंबीक सांगावे आणि यकृतही. माधव जूलियनांनी उमर खय्यामच्या रुबाया फारसीतून मराठीत आणल्या. त्या वाचून मराठी माणूस काही बिघडला नाही. आपल्या मुलांच्या अकलेवर आपण तेवढा तरी भरवसा ठेवावा.

अरबीत 'खम्र' ज्या धातूपासून झाला त्याचा मूळ अर्थ झाकणे. आयाबहिणींच्या डोक्यावरचा खिमार त्याच धातूचा, पिठातला खमीरही त्याच धातूचा. हजरत उमर (रजि.) यांनी खम्रची ओळख सांगितली ती अशी की जे अकलेला झाकते ते. दारू अक्कल झाकते, म्हणून ती आपण सोडली. अज्ञानही अक्कल झाकते. ते मात्र आपण सोडलेले नाही. कित्येकदा तर दीनच्या नावाने जपून ठेवलेले आहे. पहिला पडदा दूर सारण्याचा हुकूम ज्या कारणासाठी मिळाला, त्याच कारणासाठी दुसराही दूर सारला पाहिजे.